मागणीपत्र कोण लिहितो? कामाच्या ठिकाणची समानता आणि कामगार संघटना, सोप्या शब्दांत

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या आणि २९ जुने कायदे त्यांच्या पोटात गेले. या बातमीतली एक ओळ बहुतेक ठिकाणी ठळक अक्षरांत छापली गेली: स्त्रियांना आता त्यांच्या संमतीने रातपाळी करता येईल. त्यावर दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया उमटल्या. एकीकडे ‘अखेर समानता आली’ असे समाधान होते, तर दुसरीकडे ‘आता बायकांनाही रात्रभर राबवून घेणार’ असा धसका. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण एक प्रश्न दोन्हींकडून निसटतो. रातपाळीच्या बसची वेळ, पाळणाघराची जागा, पगाराची श्रेणी, संमती नाकारणाऱ्या बाईची पुढची बढती, हे सगळे ज्या बैठकीत ठरते तिथे कोण बसलेले असते?

अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि कामगार इतिहास या तिन्ही शाखांतले अभ्यासक गेली पन्नासेक वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा करत आहेत. त्यांचे बरेचसे लिखाण इंग्रजीत आणि समीकरणांच्या आड दडलेले असल्याने सर्वसामान्य वाचकापर्यंत त्याचा सारांशही धड पोहोचत नाही. तो इथे पायरीपायरीने मांडते.

## तफावत मोजायची कशी?

जगभरात स्त्रियांची सरासरी कमाई पुरुषांच्या कमाईपेक्षा ढोबळमानाने पाचव्या हिश्श्याने कमी आहे, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना सांगते. या फरकाला ‘वेतनतफावत’ म्हणतात. आकडा ऐकताच समंजस माणसाच्या मनात शंका येते की, बाई बालवाडीत आणि पुरुष तेलशुद्धीकरण कारखान्यात काम करत असेल, तर दोघांचा पगार सारखा कसा असेल? शंका रास्त आहे. १९७३ साली रोनाल्ड वाहाका आणि ॲलन ब्लाइंडर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तिचा निवाडा करण्याची एक रीत मांडली. तफावतीचे दोन ढीग करायचे. शिक्षण, अनुभव, उद्योग, हुद्दा यांतल्या फरकाने जेवढी तफावत समजते तेवढी एका ढिगात टाकायची आणि हे सगळे सारखे असूनही जी उरते ती दुसऱ्या ढिगात. दुसऱ्या ढिगाकडे पाहून भेदभावाचा अंदाज बांधता येतो.

इथे एक खाचखळगा आहे आणि वर्तमानपत्री चर्चा हमखास त्यात पडते. पहिल्या ढिगातली तफावत ‘समजावता येते’, याचा अर्थ ती ‘योग्य’ आहे असा होत नाही. दोघे शर्यतीत धावत आहेत आणि एकीच्या कमरेवर भरलेली कळशी आहे. ती मागे का पडली हे कळशीकडे पाहून लगेच समजते, परंतु कळशी तिच्याच कमरेवर का, हा प्रश्न तसाच राहतो. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात या कळशीचे वजन मिनिटांत सापडते. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ८८ मिनिटे. मुलांचे व आजाऱ्यांचे करणे यात धरलेले नाही, ते वेगळे.

रजा आणि पाळणाघरे मुबलक असलेल्या डेन्मार्कसारख्या देशातही पहिल्या मुलानंतर आईची कमाई घसरते आणि दीर्घकाळात ती वडिलांच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते, असे हेन्रिक क्लेव्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे. वडिलांच्या कमाईची रेघ मात्र मूल झाल्याचे कळलेच नाही अशी सरळ पुढे जाते. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी याचे एक कारण नोकऱ्यांच्या रचनेत शोधले. काही नोकऱ्या ‘हावऱ्या’ असतात. रात्री नऊला फोन आला तरी लॅपटॉप उघडणाऱ्याला, रविवारी विमान पकडणाऱ्याला त्या नुसते जास्त तासांचे जास्त पैसे देत नाहीत, तर प्रत्येक तासाचा दरच चढवतात. घरात दोघांपैकी एकाला तरी ‘शाळेतून फोन आला तर धावणारे माणूस’ व्हावेच लागते. ते कोण होते हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

## ‘काम सारखे’ हे कोण ठरवतो?

समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात ते आहे, भारताने १९५८ सालीच त्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर मान्यतेची मोहोर उमटवली आणि १९७६ साली समान वेतनाचा कायदाही केला. तरी घोडे अडते ते ‘समान’ या शब्दापाशी.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात मजुरीचा दर विचारा. ‘गड्याचा किती आणि बाईचा किती’ असे दोन आकडे मिळतील. कारण विचारले तर गड्याचे काम जड असते, असे सांगतात. मग सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कमरेत वाकून केलेली खुरपणी हलकी कशी, याचे उत्तर कोणी देत नाही, कारण ती हलकी आहे हे वजनकाट्यावर ठरलेले नसून खुरपे कोणाच्या हातात आहे त्यावरून ठरलेले असते.

शहरातल्या कारखान्यात हाच व्यवहार ‘श्रेणी’ या प्रतिष्ठित नावाने चालतो. १९६८ साली इंग्लंडमध्ये डॅगनहॅम इथल्या फोर्ड कारखान्यात मोटारींच्या सीटची कव्हरे शिवणाऱ्या १८७ बायकांनी संप केला. कंपनीने आदल्या वर्षी युनियनांशी बोलून नवी श्रेणीपद्धत आणली होती आणि तीत या शिलाईला अकुशल ठरवले गेले होते. गंमत अशी की, कामावर घेताना त्यांची शिवणयंत्रावर रीतसर परीक्षा घेतली जात असे. संपामुळे त्यांना पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के मिळू लागले आणि ब्रिटनमध्ये १९७० चा समान वेतन कायदा येण्याला हातभार लागला. परंतु त्यांचे काम कुशल आहे हे कंपनीने मान्य केले ते १९८४ साली, आणखी एका संपानंतर.

आपल्या मुंबईचा एक खटला याहून बोलका आहे आणि तो मराठी वाचकांना फारसा ठाऊक नाही. मॅकिनॉन मॅकेंझी या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ या पदावर होत्या. लघुलेखन आणि टंकलेखन पुरुष लघुलेखक करत तेच, पगार मात्र कमी. १९७७ साली नोकरी गेल्यावर त्यांनी समान वेतन कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली. कंपनीचा बचाव लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. हा फरक आम्ही मनाने केलेला नाही, तो युनियनशी झालेल्या १९७५ च्या करारातून आला आहे आणि त्या वाटाघाटींत युनियन या स्त्री लघुलेखकांचेही प्रतिनिधित्व करत होती, असे कंपनीचे म्हणणे होते. शिवाय आर्थिक परिस्थिती बिकट असल्याचीही सबब होती. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. करार झाला म्हणून भेदभाव वैध होत नाही आणि मालकाला परवडत नाही म्हणून कायदा थांबत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

मालक भेदभाव करतो आणि युनियन त्याविरुद्ध लढते, असे चित्र आपण मनाशी धरलेले असते. इथे भेदभावाच्या कागदावर खाली दोन सह्या होत्या, आणि दुसरी सही तिच्याच युनियनची होती.

## युनियन तर सगळ्यांचीच असते ना?

कागदोपत्री असते. इतिहास जरा वेगळा आहे, आणि त्यासाठी गिरणगावात जावे लागते. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. वाइंडिंग आणि रिळांच्या खात्यांत बायकांचीच भरती असे आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत. संपांत या बायका मागे नव्हत्या. उषाबाई डांगे आणि पार्वतीबाई भोर ही नावे त्याच चळवळीतून पुढे आली. तरीही १९८२ चा संप झाला तेव्हा गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाण नगण्य उरले होते. एवढ्या बायका गेल्या कुठे?

राधा कुमार यांच्यासारख्या इतिहासकारांनी याचा शोध घेतला तेव्हा एकच एक खलनायक सापडला नाही. वेगवान यंत्रे आली आणि ती नेमकी बायकांच्या खात्यांत आली. बायकांना रातपाळीला बंदी होती. गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्यावर ज्या कामगाराला रात्री लावता येत नाही तो मालकाला अडचणीचा वाटू लागला. १९२९ साली मुंबई प्रांतात मातृत्वलाभाचा कायदा झाला. त्याआधी कायदेमंडळातल्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा आजही ताजा वाटतो. बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा आहे म्हणूनच तो त्यांना ठेवतो, तेव्हा बाळंतपणाच्या लाभाच्या खर्चाचा काही वाटा त्याने उचलणे रास्तच आहे, असे त्यांनी सुनावले होते आणि मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने सरकारनेही भार घ्यावा, असेही सांगितले होते. अनेक मालकांनी पर्याय सोपा काढला. बाईच ठेवली नाही की लाभाचा प्रश्न मिटतो.

या सगळ्यात युनियनांचा वाटा काय? संशोधक ‘कुटुंबवेतन’ या कल्पनेकडे बोट दाखवतात. पुरुषाला इतका पगार मिळावा की त्यात बायको-मुलांचे भागेल, ही ती मागणी. ऐकायला ती न्याय्य वाटते आणि त्या काळच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत ती न्याय्य होतीही. पण तिच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. कमावणारा पुरुष, आणि बाईची कमाई म्हणजे जोडउत्पन्न. एकदा हे गृहीत धरले की कपातीच्या वेळी आधी कोणाचे नाव सुटणार, हे वेगळे ठरवावे लागत नाही.

रातपाळीची बंदी बाईच्या रक्षणासाठी होती आणि तिने बाईची नोकरी घालवायला मदत केली. म्हणून ती उठली हे चांगले, असे माझे मत आहे. मात्र नुसती बंदी उठवल्याने रस्त्यावरचा दिवा लागत नाही.

## बायकाच पुढे येत नाहीत, त्याला कोण काय करणार?

ही तक्रार मी युनियनच्या अनेक प्रामाणिक कार्यकर्त्यांकडून ऐकली आहे. काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतल्या युनियन कार्यालयात मागणीपत्राचा मसुदा तयार होत होता आणि मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. वेतनकराराआधी युनियन व्यवस्थापनाकडे मागण्यांची जी यादी देते ती म्हणजे मागणीपत्र. त्यावर दोन्ही बाजू बसून जी घासाघीस करतात तिला सामुदायिक सौदा म्हणतात. पंधरा जणांत दोन बायका होत्या. बैठक संध्याकाळी सव्वासातला सुरू झाली. साडेआठला त्या दोघी उठल्या. एकीची शेवटची बस होती, दुसरीला घरी जाऊन सासूबाईंना इन्सुलिन द्यायचे होते. पाळणाघर मागणीपत्रात अकराव्या क्रमांकावर होते. चर्चा तिथे पोहोचली तेव्हा पावणेदहा वाजले होते. ‘ते पुढच्या करारात पाहू’ असे कोणीतरी म्हणाले, बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि चहाचे कप गोळा झाले. कोणाच्याही मनात खोट नव्हती. निघताना एकाने मला अगदी कळकळीने सांगितले, ‘ताई, लेडीजना आम्ही नेहमी बोलावतो हो, पण त्या थांबतच नाहीत.’

गिल कर्टन आणि जेराल्डिन हीली यांनी ब्रिटनमधल्या युनियनांतल्या स्त्रियांचा दीर्घकाळ अभ्यास केला. बैठकीची वेळ, जागा, बोलण्याची रीत आणि घरची जबाबदारी या गोष्टी ‘अनुत्साह’ या नावाखाली कशा लपतात, हे त्यांच्या लेखनातून दिसते. फक्त बायकांसाठी घेतलेल्या प्रशिक्षणवर्गांतून पुष्कळ जणी पुढे पदांवर आल्या, हेही कर्टन यांनी नोंदवले आहे. उत्साह नव्हता असे नाही. थांबायला वेळ आणि बोलायला सराव नव्हता.

## एक बाई कार्यकारिणीवर घेतली की झाले का?

समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७० च्या दशकात एका मोठ्या अमेरिकी कंपनीत पाहणी केली आणि संख्येचा परिणाम मांडला. एखाद्या गटात एका प्रकारची माणसे १५ टक्क्यांहून कमी असली की ती व्यक्ती म्हणून उरत नाहीत, ‘नमुना’ होतात. तिने चूक केली तर ‘बायका अशाच’ आणि चांगले काम केले तर ‘ही अपवाद’. लग्नाच्या पंगतीत वरपक्षाच्या घोळक्यात वधूपक्षाचा एकच माणूस बसला तर तो कितीही बोलका असला तरी जेवढ्यास तेवढे बोलतो आणि मीठ कमी आहे हे काही सांगत नाही. दोघे-तिघे बसले की मीठही मागतात.

अर्थात संख्या म्हणजे सर्व काही नव्हे. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि त्याबरोबर ‘सरपंचपती’ ही जमातही जन्माला आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तरीही फरक पडतो का, हे मोजता येते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. कोणत्या गावात आरक्षण येणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरत असल्याने गावागावांची तुलना निर्दोष होती. जिथे स्त्री प्रमुख होती तिथे पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला. पाण्याची तक्रार कोण जास्त करते, हे हंडे कोणाच्या डोक्यावर असतात त्यावरून कळतेच.

## युनियनमध्ये असे कुठे घडून पाहिले आहे का?

घडले आहे. ब्राझीलमध्ये सीयूटी हा सर्वांत मोठा कामगार महासंघ आहे. २०१५ पासून त्याने नेतृत्वात निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आणि त्यांच्या मागण्यांना सौद्याच्या केंद्रस्थानी आणले. व्हियोला कोराडिनी, लोरेन्झो लागोस आणि गरिमा शर्मा या तीन अर्थशास्त्रज्ञांनी सीयूटीचे त्याआधीचे आणि नंतरचे करार इतर महासंघांच्या करारांशी ताडून पाहिले.

तुलना कशी केली ते समजून घेणे जरुरीचे आहे, कारण ‘दुसऱ्या कारणानेही तसे झाले असेल’ ही शंका तिथेच निकालात निघते. दोन शेजारची शेते घ्या. एकाला कालव्याचे पाणी मिळाले, दुसऱ्याला नाही. पहिल्याचे पीक वाढले म्हणून पाण्याला श्रेय देता येत नाही, कारण त्या वर्षी पाऊसच चांगला असेल. म्हणून आधी आणि नंतर या दोन्ही वेळी दोन्ही शेतांचे पीक मोजायचे आणि पहिल्या शेताची वाढ दुसऱ्याच्या वाढीपेक्षा किती जास्त आहे ते पाहायचे. ब्राझीलमध्ये कोणत्या आस्थापनेसाठी कोणती युनियन बोलणार हे मालक किंवा कामगार निवडत नाहीत, त्यामुळे ‘चांगल्या मालकांकडेच सीयूटी गेली’ असेही म्हणता येत नाही.

निष्कर्ष असा निघाला की, सीयूटीच्या करारांत मातृत्व, मुलांचे संगोपन, कामाच्या वेळा यांसारखी, स्त्रियांना मोलाची वाटणारी कलमे वाढली आणि ती कागदावरच राहिली नाहीत. अशा आस्थापनांत स्त्रिया अधिक संख्येने येऊ पाहू लागल्या आणि आलेल्या सोडून जाण्याचे प्रमाण घटले.

## म्हणजे पुरुषांच्या ताटातले काढून बायकांना वाढले?

ही भीती बोलून दाखवली जात नाही, पण प्रत्येक गेटसभेत असते. पगारवाढीची रक्कम ठरलेली असेल तर पाळणाघराचे पैसे तिच्यातूनच जाणार, असा हिशेब त्यामागे आहे. ब्राझीलच्या अभ्यासाने नेमके हेच तपासले. पगार घटले नाहीत, रोजगार घटला नाही, कंपन्यांचा नफाही घटला नाही. कामगार टिकून राहण्यात मालकाचाही लाभ असल्यामुळे आजवर ही सुधारणा कोणालाही न परवडणारी होती असे नव्हते, ती कोणी मागितलीच नव्हती. मला या सगळ्या संशोधनात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

## बायकांची वेगळी संघटना म्हणजे फूट नव्हे का?

अहमदाबादच्या मजूर महाजन या गांधीवादी कामगार संघटनेच्या महिला विभागातून इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ उभी केली. फेरीवाल्या, घरी बसून शिवणाऱ्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायकांची ही युनियन नोंदवायला अधिकारी तयार नव्हते. तुमचा मालकच नाही, तर युनियन कोणाविरुद्ध, असा त्यांचा सवाल होता. नोंदणी शेवटी झाली. १९८१ मध्ये सेवा आणि मूळ संघटना यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, तरी आज देशात युनियनांतल्या स्त्रियांविषयी कुठेही चर्चा निघाली तरी सेवेचे नाव घेतल्याशिवाय ती पुढे जात नाही.

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये केरळातल्या मुन्नारच्या चहामळ्यांत जे घडले ते अधिक टोकदार होते. बोनसची कपात झाल्यावर हजारो बायका रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी व्यवस्थापनाबरोबरच प्रस्थापित युनियनांच्या पुढाऱ्यांनाही दूर ठेवले. आमची वर्गणी घेणारे आमच्या बाजूने नाहीत, हा त्यांचा आरोप होता. ‘पोम्पिळै ओरुमै’, म्हणजे बायकांची एकी, या नावाने ते आंदोलन ओळखले गेले आणि बोनसची मागणी पदरात पडली. फूट पडली होती हे खरे. पण ती पाडली कोणी, हे वर्गणीच्या पावत्या पाहून ठरवावे.

पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत कचरावेचक बायकांचाच भरणा आहे. संघटनेने त्यांना ओळखपत्र मिळवून दिले. पहाटे कचराकुंडीपाशी पोलिसाने हटकले तर दाखवायला कागद असणे, ही त्यांची मागणी होती. कोणत्याही कारखान्याच्या मागणीपत्रात ती सापडणार नाही.

## मग जुन्या युनियनांची गरजच काय?

वरचे सगळे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील म्हणून घाईने सांगायला हवे की, संशोधन त्याच्या उलट बाजूला आहे. फ्रान्सिन ब्लाऊ आणि लॉरेन्स कान यांनी अनेक देशांची तुलना करून दाखवले की, जिथे पगार सामुदायिक सौद्याने ठरतात तिथे वरच्या आणि खालच्या पगारांतले अंतर कमी असते आणि बायका बहुधा खालच्या पायऱ्यांवर असल्याने त्याचा फायदा त्यांना अधिक होतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याने २०११ साली शिक्षकांच्या युनियनांचे सौद्याचे अधिकार छाटले आणि पगार वैयक्तिक घासाघिशीवर सोडला. बार्बरा बियासी आणि हेदर सार्सन्स यांच्या अभ्यासात दिसले की, त्यानंतर तेवढीच पात्रता असलेल्या शिक्षिका शिक्षकांच्या मागे पडू लागल्या, विशेषतः तरुण शिक्षिका. जिथे मुख्याध्यापक स्त्री होती तिथे ही दरी उघडली नाही.

भाजीबाजारात पाटीवर दर लिहिलेला असला की सगळ्यांना एकच भाव लागतो; पाटी काढली की ज्याचा आवाज मोठा त्याला स्वस्त. सामुदायिक करार ही ती पाटी आहे. मॅकिनॉनच्या खटल्यात दोष पाटी लावण्याचा नव्हता, पाटीवर बाईसाठी वेगळा दर लिहिण्याचा होता.

## जिथे बाईचा वेगळा हिशेबच नाही

आपल्याकडचा सर्वांत कठीण प्रश्न कारखान्यांच्या बाहेर आहे. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कामगारांच्या हिशेबाचे एकक ‘कोयता’ हे आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते आणि बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. तोडणाऱ्याच्या मागोमाग मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही, त्यामुळे इथे वेतनतफावत मोजायला लागणारा दुसरा आकडा मुळातच नाही. साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यातल्या वाटाघाटी टनामागचा दर आणि मुकादमाचे कमिशन यांभोवती फिरत आल्या आहेत. २०१९ साली बीड जिल्ह्यात राज्याने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. खाडा झाला की दंड, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, फडात शौचालय नाही. यातली कोणतीही गोष्ट टनाच्या दरात बसत नाही.

दुसरे उदाहरण शब्दाचे आहे. अंगणवाडी सेविका आणि आशा यांना वेतन मिळत नाही, ‘मानधन’ मिळते. मानधन म्हटले की ती कामगार राहत नाही, स्वयंसेविका होते, आणि कामगारांचे बरेच कायदे तिला लागू होत नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानाला, म्हणजे ग्रॅच्युइटीला, पात्र असल्याचा निकाल दिला, तेव्हा या शब्दाला पहिला मोठा तडा गेला. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी डिसेंबर २०२३ मध्ये संप पुकारला. सभासद जवळपास सगळ्या बायकाच असलेले हे संप पाहिले की ‘बायकांना युनियन जमत नाही’ हे म्हणणे टिकत नाही.

## नव्या संहितेत खुर्ची कुठे आहे?

चार संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेनुसार वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिच्यात स्त्रियांचे प्रमाण एकूण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी असता कामा नये. तरतूद चांगली आहे. पण तीच संहिता व्यवस्थापनाशी वाटाघाटी करणाऱ्या युनियनचा किंवा परिषदेचा विचार करते तेव्हा ५१ टक्के कामगार एखाद्या युनियनचे सभासद आहेत का, नसतील तर परिषदेत बसायला लागणारे २० टक्के कोणाकडे आहेत, एवढेच मोजते. तिथे स्त्रियांच्या प्रमाणाची अट नाही. तक्रार करायच्या खोलीत तिच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. जिथे रातपाळीच्या बसची वेळ ठरणार, त्या खोलीत ती युनियनने स्वतःहून ठेवायची आहे.